‘रडू नको गं आई’ कोण म्हणालं?

माझ्या बहिणीने एकदा मला चांगल्या खुर्चीचे हात करवतीने कापायला लावले. ओकच्या लाकडाची खुर्ची, आमच्या मामाची, त्याने जन्मभर जपलेली. "काप," म्हणाली. कारण काय? तर तिच्या खोलीत नवरा-बायकोला बसवायला दोन खुर्च्या होत्या, एकीला हात होते, दुसरीला नव्हते. एका नवऱ्याने कोर्टात जाऊन सांगितलं, बाईंनी बायकोला हातांची खुर्ची दिली आणि मला बिनहातांची, तेव्हाच मी ओळखलं निकाल कुठे जाणार ते. आता असल्या माणसाला काय म्हणायचं! मी म्हटलं, "अगं तिना, त्या येड्याचं काय मनावर घेतेस?" तर म्हणे, "येडा असेल, पण खोटं नाही बोलला. काप." कापली. मामा असता तर त्याने आम्हा दोघांना घराबाहेर काढलं असतं.

लेओन्तिना तिचं नाव, मी तिना म्हणतो. आई-बाप वेगळे होतात आणि पोर कोणाकडे राहावं म्हणून भांडतात, तेव्हा कोर्ट त्यांना तिच्याकडे धाडतं. ती दोघांना तपासते. म्हणजे छातीला नळी लावून नव्हे. बोलते, प्रश्न विचारते, चित्रं दाखवते, दोघांच्या घरी जाऊन ते पोराशी कसे वागतात ते बघते, आणि मग अहवाल देते. आमच्या तरुणपणी मानसशास्त्र हा विषय शिकवणं सरकारने बंदच केलं होतं, म्हणून ती कापडगिरणीत सूत बघायची. कम्युनिस्टांची राजवट पडली, कॉलेजं उघडली, आणि ही बाई पोरासोरांत जाऊन बाकावर बसली. गिरणीतल्या बायका म्हणायच्या, "लेओन्तिना, आता तू आम्हाला खुळं ठरवणार!" ती म्हणायची, "तुमच्यासाठी शिकायची काय गरज?"

डॅन्यूबच्या काठचं आमचं गाव एवढंसं. इथे कोणाचा संसार मोडला की दुपारपर्यंत बाजारभर. त्यामुळे तिनाची सगळ्यांशी ओळख आणि कोणाशीच मैत्री नाही. गावात तिला ‘तराजूबाई’ म्हणतात. काही कौतुकाने म्हणतात, बरेचसे दात-ओठ खात. एका घरी सकाळी गेली तर दुसऱ्या घरीही सकाळीच जाणार. एका घरी एक चमचा मुरंबा खाल्ला तर दुसऱ्या घरी एकच चमचा, मग तो कितीही चांगला असो. नवरा वारला, मूलबाळ नाही. लोक तोंडावर विचारतात, "जिला पोर नाही ती आमच्या पोरांचं काय ठरवणार?" ती हसून म्हणते, "म्हणूनच तर मला पाठवलंय." आणि घरी येऊन भांडी आपटते.

मी फाने, तिचा धाकटा भाऊ. जन्मभर टॅक्सी चालवली, आता फक्त तिचा सारथी, कारण तिला गाडी येत नाही आणि तिला शिकवायचा मी एकदा प्रयत्न केला, तेवढा पुरे. गाडीत केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा नियम. रेडिओ चालेल, प्रश्न चालणार नाहीत.

तो नियम मोडला गेल्या सप्टेंबरात, डाचिआना आणि रेमुसच्या भांडणात. तो बंदरात क्रेन चालवतो, ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला. सात वर्षांची एक पोरगी, सोराना. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही, नुसतं पटत नव्हतं. तिना म्हणते अशी भांडणं सगळ्यांत वाईट, कारण दोन्ही माणसं चांगली असतात आणि एकाला रडवावंच लागतं.

रेमुसची एकच तक्रार होती. "त्या घरात आई कोण आणि पोर कोण तेच कळत नाही. डाचिआना रडत बसते आणि माझी पोर तिची समजूत घालते. सात वर्षांच्या पोरीने आईला सांभाळायचं का?" हे त्याने भर कोर्टात सांगितलं होतं, म्हणून मलाही ठाऊक, पाववाल्यालाही ठाऊक. बाकी सगळ्या बाबतीत दोघं सारखीच. तेव्हा ही तक्रार खरी निघाली तर पोर बापाकडे जाणार, खोटी निघाली तर आईकडे राहणार. आणि खरं-खोटं बघायचं काम आमच्या तिनाचं.

डाचिआनाचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, ती चालू असल्याचं कोणाला आठवत नाही. तिनाची बाहुल्यांची पेटी जड असते, ती मी वर नेतो, दारात ठेवतो आणि खाली येतो, असा आमचा शिरस्ता. जिन्यात सगळीकडे भाजलेल्या मिरच्यांचा वास. दाराशी पोचलो, तिनाने घंटीकडे बोट नेलं आणि तशीच थांबली. आत कोणीतरी रडत होतं. एकजण की दोघं, सांगता येत नव्हतं. मग बारीकसा, बसलेला आवाज आला.

"रडू नको गं आई. मी कुठे जात नाही. उठ, तोंड धू, बाई येतील."

बस, एवढंच. तिनाने घंटी दाबली. बऱ्याच वेळाने डाचिआनाने दार उघडलं. चणीने एवढीशी बाई, आवाज शाळकरी पोरीसारखा, डोळे सुजलेले. मागे सोराना, तिचेही डोळे सुजलेले, वर सर्दीने घसा बसलेला. दोघींची तोंडं ओली, आता ती रडून की धुऊन, देव जाणे. मी पेटी ठेवली आणि मुकाट्याने खाली आलो.

तुम्ही म्हणाल, ‘आई’ म्हणाली म्हणजे पोरगीच बोलली, यात कसला आलाय घोळ? पण आमच्याकडे आई लेकराला ‘आई’ म्हणूनच जवळ घेते. ‘जेव आई, झोप आई, पडशील आई.’ मुलगा असो, मुलगी असो. बाप लेकीलाही ‘बाबा’ म्हणतो, आजी नातवाला ‘आजी’ म्हणते. माझा बाप मला ‘बाबा’ म्हणायचा, तेवढंच काय ते त्याने मला दिलं. समोर तोंडं दिसत असली की कोण कोणाला बोलतंय ते आपोआप कळतं, कोणाचं काही अडत नाही. अडलं ते त्या बंद दाराशी.

तिना खाली आली ती मागच्या सीटवर बसली. एरवी पुढे बसते आणि मला गाडी कशी चालवायची ते सांगते. फळबाजार मागे पडल्यावर म्हणाली, "फाने, रेमुस खरं बोलत होता."

मी ब्रेकच मारला. केसबद्दल ही माझ्याशी बोलली!

"काय खरं?"

"पोरगी आईची समजूत घालत होती. ऐकलंस ना तूही."

"मी? मी ऐकलं ते आई पोरीची समजूत घालत होती."

"काहीतरी बरळू नकोस. आवाज मुलीचा होता."

"अगं, त्या बाईचा आवाजच तसला आहे! चिमणीएवढा."

"घसा बसलेला होता. घसा सोरानाचा बसलाय."

"रडून कोणाचाही बसतो."

"‘बाई येतील’ असं कोण म्हणेल? पोरगी."

"‘तोंड धू’ असं कोण म्हणेल? आई!"

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. मी काच खाली करून त्याची आई काढली आणि गाडी कडेला घेतली.

"तुला ऐकायला सांगितलं होतं कोणी?" तिना ओरडली. "पेटी ठेवायची आणि जायचं, एवढंच तुझं काम!"

"कान काय खाली गाडीत ठेवून येऊ?"

मलाही राग आला होता, पण खरं सांगतो, रागापेक्षा गोंधळच जास्त. तिनाचं कधी चुकत नाही. आणि मी तर अगदी स्वच्छ ऐकलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात रेमुसकडे गेलो, त्याच वारी, त्याच वेळी. तो त्याच्या आईकडे राहत होता. पाराशिवाबाई, अंगापिंडाने दाराएवढी. मी पेटी ठेवून वळणार तेवढ्यात तिने माझी बाही धरली.

"दारात आलेला माणूस उपाशी परत जातो होय? मग लोक काय म्हणतील मला?"

"अहो बाई, मी फक्त पेटी..."

"पेटी उचलणाऱ्याला पोट नसतं का? बसा!"

बसलो. हातात ताटली आली, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, वर साय. तिनाने माझ्याकडे असं बघितलं की घास घशाखाली उतरेना. तिकडे मी आत पाऊल टाकलं नव्हतं, इथे मांडी ठोकून जेवत होतो. म्हणजे तराजू तिथेच कलंडला. तिने स्वतः मुरंब्याचा एक चमचा घेतला आणि बशी बाजूला सारली.

"एकच? माझ्या हाताला विष लागलंय का?" पाराशिवाबाई म्हणाली.

"तिकडेही एकच घेतला."

"मग तिकडचा बेकार असेल!"

सोराना त्या दिवसापुरती बापाकडे आली होती, टेबलाशी चित्र काढत बसली होती. "खा गं आजी, किती वाळलीस," म्हातारी म्हणाली. "हात धुतलेस का, बाबा?" रेमुसने विचारलं. तेवढ्यात डाचिआनाचा फोन आला, आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता, "जेवलीस का आई?" पोरगी सगळ्यांना ‘हो’ म्हणत होती. जो तो तिला आपल्याच नात्याने हाक मारत होता, सोराना कोणीच म्हणत नव्हतं. मला हसू आलं, आणि हसू येतंय याचं वाईटही वाटलं. तिना वहीतून डोकं वर काढेना.

मग रेमुसने तिची वेणी घातली. क्रेनवाल्याचे ते राकट हात, पण काय हळू चालत होते! वेणी वाकडी झाली, त्याने सोडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, पोर इथे राहिली तर काय बिघडलं? आणि लगेच डाचिआनाचे सुजलेले डोळे आठवले. माझ्या डोक्याची पार मंडई झाली. मी म्हटलं, फाने, तू टॅक्सीवाला आहेस, देवाने तुझ्यावर उपकार केलेत.

निघताना म्हातारीने माझ्या खिशात मिरच्यांच्या चटणीची बरणी कोंबली. गाडीत बसल्या बसल्या तिना म्हणाली, "ती परत देऊन ये."

"अगं, मला दिलीय. तुला नाही."

"तू माझ्याबरोबर आहेस."

परत गेलो, बरणी दिली. पाराशिवाबाईने तेव्हा आमच्या खानदानाबद्दल जे काढलं ते मी इथे सांगणार नाही.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं माझ्या अंगणात मिरच्या भाजायला बसलो. दर सप्टेंबरात बसतो. लाल, जाडजूड मिरच्या पत्र्यावर काळ्या होईपर्यंत भाजायच्या आणि गरम असतानाच सोलायच्या. बोटं पोळतात, पण थांबलात तर साल चिकटून बसतं. सोमवारी तिनाला अहवाल द्यायचा होता. मी काही विचारलं नाही. तीच बोलायला लागली.

"सोरानाला बाहुल्या दिल्या, एक मोठी, एक छोटी. विचारलं, घरात कोण रडतं? तिने दोन्ही बाहुल्या पालथ्या घातल्या. विचारलं, मग समजूत कोण घालतं? म्हणाली, आई. मी म्हटलं, कुठली आई? तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळी. म्हणे, आई म्हणजे आई!"

"बरोबर आहे तिचं. मग डाचिआनालाच सरळ विचार की."

"ती काय सांगणार? वकिलाने पढवून ठेवलंय. आणि सोरानाला सरळ विचारलं की त्या दिवशी तूच म्हणालीस का, तर तिला कळेल की आपल्या उत्तरावर आईचं काय होणार ते ठरतंय. सात वर्षांच्या पोरीकडून निकाल लिहून घेऊ?"

"मग?"

"मग काय. माझं लिहून झालंय. मुलीला आईची समजूत घालताना ऐकलं."

"पण तसं नव्हतं!"

"मला ऐकू आलं ते मी लिहिणार, फाने. तुला ऐकू आलेलं लिहू का?"

मी हातातली मिरची पत्र्यावर आपटली. "एका ओळीने तू त्या बाईची पोर नेशील! तराजूबाई म्हणे! खुर्च्यांचे हात कापतेस, चमचे मोजतेस, आणि इथे बिनधास्त लिहून मोकळी! मला आईचा आवाज कळत नाही का?"

"नाही कळत."

"कळतो! आपली आई मला असंच म्हणायची. बाप नदीत तराफ्यावर कामाला गेला तो आलाच नाही, तेव्हा. मी टेबलाखाली बसून रडायचो, ते मेणकापड पार खालपर्यंत लोंबायचं, आठवतं? आई आत सरकून यायची, माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, रडू नको रे आई, मी कुठे जात नाही. शब्दन् शब्द तेच! तिच्या हाताला कांद्याचा वास यायचा. तेव्हापासून तो आवाज माझ्या कानात आहे. म्हणून सांगतो, दारामागे आई बोलत होती. पोरीला तसं बोलताच येणार नाही."

तिना हातातल्या मिरचीकडे बघत राहिली. साल अर्धं निघालेलं. मला वाटलं, जिंकलो.

"फाने," ती म्हणाली, "त्या टेबलाखाली आई मावली असती का?"

"म्हणजे?"

"केवढंसं टेबल ते. तू बसायचास तेव्हा तुझंच डोकं वर लागायचं."

"काय बोलतेयस तू?"

"आई तेव्हा पलंगावर होती. भिंतीकडे तोंड करून. जेवायलाही उठत नव्हती, वेणी घालत नव्हती. कांदा मी चिरायचे."

मी म्हटलं, "छे." मग पुन्हा म्हटलं, "छे!" नऊ वर्षांची होती ती तेव्हा. मी चारचा.

"तो हात लहान होता रे," तिना म्हणाली. "तू त्याहून लहान होतास, म्हणून तुला मोठा वाटला."

"मग तू मला ‘आई’ कशाला म्हणायचीस?"

"आई मला म्हणायची. बरी असायची तेव्हा. जवळ घ्यायचा तेवढा एकच शब्द मला येत होता. तुला म्हणायचे, मग पलंगापाशी जाऊन तिलाही म्हणायचे, रडू नको गं आई. दोघांना एकच वाक्य पुरवलं मी."

मला तिचा भयंकर राग आला. माणसाच्या आईबद्दल असं मिरच्या सोलता सोलता सांगतात का? "इतकी वर्षं का बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? आईचं म्हणून तुझ्याजवळ तेवढंच होतं."

"मग आज का बोललीस?"

ती रडत होती. मिरच्यांच्या धुरातही ते मला कळलं. "कारण तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलंस, तरी तुला नऊ वर्षांची पोरगी बाईसारखी ऐकू आली. आणि मी दाराबाहेर उभी राहिले तर मला पोरगीच ऐकू आली, कारण मला दुसरं कोणी ऐकूच येत नाही. आपल्या दोघांचेही कान कामाचे नाहीत. ती ओळ मी काढते."

मी उठून नळाखाली हात धरले. बोटांवरचं काळं काही निघेना. मागे ती एकटीच मिरच्या सोलत होती, नेहमीसारख्या भराभर.

कोर्टात तिने न विचारता सगळं सांगून टाकलं. की दाराबाहेरून अमुक वाक्य ऐकलं, कोणाचा आवाज ते कळलं नाही, ते कोणाच्याही बाजूने धरू नये. की सोबत माझा भाऊ होता आणि त्याला तिथे असायचा हक्क नव्हता. न्यायाधीशबाईंनी त्याबद्दल तिला सगळ्यांसमोर झापलं. मी मागच्या बाकावर होतो, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रेमुसच्या वकिलाने तर संधीच साधली.

"एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि बाईचा आवाज कुठला, मुलीचा कुठला, एवढंही आपल्याला कळत नाही?"

"नाही कळत," तिना म्हणाली.

लोक हसले. ती उभीच राहिली, हनुवटी वर करून, गिरणीत मुकादमासमोर उभी राहायची तशी.

पोर होती तिथेच राहिली, आईकडे. शाळा जवळ, मैत्रिणी तिथल्या, आणि मुलांना उगाच हलवू नये असं कोर्टाचं मत पडलं. शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी बापाकडे. डाचिआनाने आपल्या रडण्यासाठी डॉक्टरकडे जायचं, ही सूचना तिनाची. डाचिआना निकाल ऐकून रडली. अर्थात.

बाहेर रेमुस आमच्या समोर येऊन उभा राहिला. टोपी हातात चुरगाळलेली. "बाई, तुम्ही ऐकलं होतं ना? मग का नाही बोललात?"

"मी काय ऐकलं ते मला माहीत नाही, रेमुस."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याची वाकडी वेणी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

गाडीत मी विचारलं, "तिना, समजा त्या दिवशी पोरगीच बोलली असेल तर?"

"तर आपण त्याच्यावर अन्याय केला."

"आणि नसेल तर?"

"तर नाही केला."

"अगं, मग तुला झोप कशी लागते?"

"लागत नाही," ती म्हणाली. "समोर बघून चालव."

रविवारी मी चर्चला गेलो. दारात मेणबत्त्या लावायची दोन पत्र्याची खोकी आहेत, वाळू भरलेली. एकावर लिहिलंय ‘जिवंत’, दुसऱ्यावर ‘मृत’. ज्याच्यासाठी लावायची तो जिथे असेल त्या खोक्यात लावायची, पोरंसुद्धा चुकत नाहीत. मी दर रविवारी एकच मेणबत्ती घेतो आणि ‘मृत’मध्ये लावतो, आईसाठी. लावताना ते टेबल आठवतो, ते लोंबणारं मेणकापड, ती मांडी. त्या मांडीसाठीच लावतो, दुसरं मला तिचं काही आठवतही नाही. त्या दिवशी पेटवली आणि दोन खोक्यांच्या मध्ये उभाच राहिलो. मेण बोटांवर ओघळलं तरी हलता येईना.

मागे रांग लागली. एक म्हातारी कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, लावा की! झोपलात का उभ्या उभ्या?"

"कोणासाठी लावायची तेच कळत नाहीये, मावशी."

"तुम्हाला नसेल कळत, देवाला कळेल. माणूस मेलंय की जिवंत आहे तेवढं बघा आणि व्हा बाजूला!"

"जिवंत आहे," मी म्हटलं, आणि ‘जिवंत’मध्ये लावली.

आईसाठी त्या दिवशी काहीच लावलं नाही. तिच्यासाठी लावायला हवी, एवढं मला कळतं. पण लावताना आता काय आठवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.